तिसरी पायरी

२३ जून
शिवांजलीनं कॉम्प्युटरवर केलेला गेम कुणालाच जिंकता येत नाही. आठवीची आठही पोरं हरली. मी चार वेळा हरलो!

गेम आमच्याच गावाचा आहे. कृष्णेचं पाणी चढतं, माणसं आणि जनावरं घेऊन ओढ्यावरच्या पुलावरून माळावर पोचायचं. निघायचं कधी, ते गावाच्या रीतीनं – देवळाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की. पण पायरीला पाणी लागतं, तोवर पूल बुडालेला असतो.

मी म्हटलं, आकडे चुकले असतील.
"सर, आमी दोनदा मोजलंय. गवंड्याच्या नळीनं."

२४ जून
स्वतः मोजलं. नळीत पाणी भरून, तीनदा. पोरांचंच बरोबर निघालं. पुलापेक्षा तिसरी पायरी अकरा इंच उंच आहे. म्हणजे गाव निघेल तेव्हा पुलावर अकरा इंच पाणी. आणि ओढ्याला ओढ केवढी!
मग आजवर गाव वाचत कसं आलं?

२७ जून
उत्तर मिळालं. देवळासमोर फुलं विकणाऱ्या बनाबाईंना पोरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, "सात पायऱ्या हुत्या रं बाळांनो. आंगणात फरशी घातली, तवा खालच्या दोन गाडल्या."

दोन वर्षांपूर्वी देवस्थान कमिटीनं मुरूम टाकून अंगण उंच केलं, वर सिमेंटचे ब्लॉक बसवले. आता पाचच पायऱ्या दिसतात आणि लोक खालूनच मोजतात. आजची तिसरी म्हणजे पूर्वीची पाचवी! दोन पायऱ्या म्हणजे चौदा इंच.

गोमटेशनं फळ्यावर मांडलं – अकरा वजा चौदा, उणे तीन. "म्हंजे जुनी तिसरी पुलाच्या तीन इंच खाली. तवा निघायला वेळ मिळायचा. व्हय की न्हाई सर?" या पोराला चाचणीत उणे संख्यांच्या गणितात शून्य होतं.

मी अकरावीत शाळा सोडली. गणित डोक्यात शिरेना म्हणून. आज ही पोरं बनाबाईंकडून इतिहास शिकली, ओढ्याकडून भूगोल. गेमच्या सूचना लिहिताना तर ऱ्हस्व-दीर्घावरून आपसात भांडली. मी फक्त कॉम्प्युटरची खोली उघडतो आणि बंद करतो.

१ जुलै
लालासाहेब मामा शाळेत आले. आईचे सख्खे भाऊ, रिटायर सुभेदार. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष तेच, शाळा समितीचेही तेच. मला इथं त्यांनीच चिकटवलं.

गेम पाहिला. हरले. पोरं हसली.
"म्हंजे आमी फरशी घालून गाव बुडवलं म्हंतोस व्हय रं?"
"तसं नाही मामा..."
"मग कसं? वाईच्या विज्ञान प्रदर्शनात मांडणार हे? देवाच्या दारी आमी काय पाप केलं ते? सवताला आकरावी झेपली न्हाई, आन् आमाला मापं शिकवतोय!"
मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत राहिले.
जाताना मामा हळूच म्हणाले, "नीट करून घे. तुझ्या आईकडं बघून सांगतोय."

२ जुलै
केलं. एकाच चौकटीतला आकडा बदलला. पूल चौदा इंच वर उचलला. आता तिसऱ्या पायरीला निघालं की गेम जिंकता येतो. एक मिनिटही लागलं नाही.
फक्त प्रदर्शनापुरतं.

३ जुलै
शिवांजलीनं पहिल्याच खेळात ओळखलं. "सर, पूल कुणी उचलला?"
"कमिटीचं म्हणणं होतं..."
"ओढ्याला म्हाईत हाय का कमिटीचं म्हणणं?"
मी रागावलो. आवाज चढला. आवाज असा चढायला नको होता.

१९ जुलै
आईनं गेम मागितला. मामांनी तिच्यापाशी कौतुक केलं असावं. फोनवर लावून दिला. दुसरीपर्यंत शिकलेली बाई, पण तिसऱ्या खेळात जिंकली! लहान मुलीसारखी हसली.
"पायरीला पाणी लागलं की निघायचं. सोपं हाय की रं!"
सांगायला हवं होतं. तिचा चेहरा बघून जीभ रेटेना. प्रदर्शन झालं की सांगेन.

६ ऑगस्ट
वाई. मामा आणि मी दोघंच आलो. पोरं आली नाहीत. "त्यो गेम आमचा न्हाई," असं शिवांजली सगळ्यांदेखत म्हणाली.

दुसरा नंबर आला. परीक्षक म्हणाले, गणित आणि भूगोल एकत्र कसे शिकावेत याचा हा उत्तम नमुना. टाळ्या!

इथं घाटावर पाणी चढतंय. धरणाचे दरवाजे उघडल्याचं कुणी तरी म्हणालं. आईला फोन केला.
"देवळापाशी बघून आले. पैल्या पायरीला लागलंय. आजून दोन हायत. तू निवांत ये."
मामा शेजारीच उभे होते. मी एवढंच म्हणालो – जपून राहा.

७ ऑगस्ट
एसटी बंद. सकाळपासून आईचा फोन लागत नाही.
दुपारी गोमटेशचा आला. "सर, आमी काल दुपारीच माळावर आलो. शिवांजलीनं खरा गेम ठेवला हुता. घरोघर जाऊन खेळायला लावला. समदं गाव आलंय."
"आई?"
"काकी न्हाई आल्या सर. लय हाका मारल्या. म्हणल्या, माझ्या लेकानं केलेला येगळा हाय."

मामांना सांगितलं. ते आईचा नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिले.

९ ऑगस्ट
आई पुलाच्या खालच्या अंगाला सापडली, बाभळींत.
बनाबाईंनी माळावरून पाहिलं होतं. म्हणाल्या, तिसऱ्या पायरीला पाणी लागलं मात्र, ती लगेच निघाली. जरासुद्धा थांबली नाही.