सात हातांचं पॉलिश

७ जानेवारी १९९१

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्या गावात येऊन तुला न भेटता परत गेले, हे आईकडून कळलंच असेल. आधी रागावून घे, मग पुढे वाच.

मी गिटार बघायला आले होते. इलेक्ट्रिक, परदेशी बनावटीची, एकसष्ट सालची. म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. वर्तमानपत्रातल्या दोन ओळींच्या जाहिरातीवरून गेले, अर्धा तास वाजवली आणि घेतली. एक्स-रे विभागात चार वर्षं जादा पाळ्या केल्या त्या याचसाठी. आमच्या बँडमधले तिघं मला अजून फोटोवाली म्हणतात. आता जरा नीट ऐकतील.

अडचण एवढीच की हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी, आणि दाराची कडी नुसती शोभेला. क्वार्टर मार्चमध्ये मिळेल. तोवर गिटार तुझ्याकडे राहू दे. विकणारे गृहस्थ तुझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर राहतात, पत्ता मागे लिहिलाय. जाऊन घेऊन येशील का? पेटी उभी ठेव, उन्हात नको. बाकी लाकडाचं तुला मी काय सांगणार.

मामीला नमस्कार. लोभ असावाच, शिवाय दोन महिने जागाही.

तुझी,
भिंगरी


१४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रागावून झालं. शनिवारी दुकान लवकर बंद करून गिटार आणली.

गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. उंच, थोडे वाकलेले, शर्टाला कडक इस्त्री. एका हॉटेलात बावीस वर्षं रोज संध्याकाळी वाजवत होते. आता डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, म्हणून विकली म्हणाले. पेटीचे खटके त्यांनी स्वतः लावले, मला लावू दिले नाहीत. मग दारापर्यंत येऊन विचारलं की शनिवारी कधी बघायला आलो तर चालेल का. मी म्हटलं, या, चहाला या.

मामीचं म्हणणं पडलं की एवढ्या पैशांत आरशाचं कपाट आलं असतं. मी म्हटलं, कपाटावर ती वाजवणार काय? तार छेडून पाहिली तर डब्यात माशी अडकावी तेवढाच आवाज. हा बिघाड आहे की रीत आहे, मला कळत नाही. लाकूड मात्र मला कळतं. अंग एकसंध, मानेचा सांधा असा की नख शिरू नये. ज्याने केलं त्याला काम येत होतं.

वरून मात्र हाल आहेत. लाल रंगावर बारीक तडे, डोक्याशी सिगारेटचा डाग, आणि उजवा हात टेकतो त्या कडेला पंजाएवढं टक्कल. उघडं लाकूड काळं पडलंय. चार वर्षं राबून तू घ्यावंस आणि मामा पॉलिशवाला असून ते तसंच राहावं, हे व्हायचं नाही. काळजी करू नकोस.

लोभ आहे, त्यावर नवा हात मारायची गरज नाही.

मामा


१९ जानेवारी

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता ड्यूटीवर मिळालं, उत्तर उभ्यानेच लिहितेय. मामा, गिटारला काही करू नकोस. फडकंसुद्धा नको.

ते टक्कल म्हणजे बिघाड नव्हे. रंग तीस वर्षांपूर्वी कारखान्यातून निघाला तोच आहे, आणि जिथे गेलाय तिथे वाजवून गेलाय. जाणकार त्याचंच मोल करतात. मोलाचंही सोड. मी ती मांडीवर घेतली तेव्हा माझा हात आपोआप त्या उघड्या जागेवर जाऊन बसला. लाकूड तिथे कोरडं आणि गुळगुळीत, हात कुठे अडत नाही. कुणीतरी सरकून जागा करून द्यावी तसं वाटलं. मी मनात हो म्हटलं ते तेव्हाच. आवाज नंतर ऐकला.

पत्र मिळताच दोन ओळी टाक. मी ओरडतेय असं वाटू देऊ नकोस, आणि लोभ कमी करू नकोस.

भिंगरी


२२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मार्चपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण मामी म्हणते, तुमच्या पोटात तीळ भिजत नाही, उगाच कळ कशाला काढता. तर ऐक. तुझी गिटार झाली.

तारा, खुंट्या, घोडी सगळं काढून कागदावर ओळीने मांडलं. तडे बारीक पॉलिशपेपरने घासले, सिगारेटचा डाग खरवडून भरला. टकलाचा रंग जुळवायला तीन दिवस गेले. लाल म्हणायला लाल, पण उजेडात धरलं की त्याच्या आत पिवळा आहे. तो सापडेपर्यंत मामीने दोनदा जेवण गरम केलं. मग लाखेच्या पॉलिशचे सात हात दिले. आता टक्कल कुठे होतं ते मलाही शोधावं लागतं. दुकानात आलेलं गिऱ्हाईक विचारत होतं, ही नवी कुठून आणली.

टेबलं केली, कपाटं केली, एकदा न्यायाधीशाची खुर्ची केली. इतकं मन लावून काही केलं नव्हतं. पैशाची गोष्ट काढू नकोस.

लोभ तुझा असू दे आणि मार्च लवकर येऊ दे.

मामा


२४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं एकोणिसाचं पत्र आज मिळालं. माझं बाविसाचं वाटेत आहे. ते हातात पडण्याआधी हे पडावं असं वाटतं, पण टपाल आपल्या वाटण्यावर चालत नाही.

मी पॉलिश केलं आहे. सगळीकडे. ती जागा आता नाही.

मामी तुझं पत्र वाचून आत निघून गेली.

लोभ ठेव असं आज म्हणवत नाही. राग कळव.

मामा


४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं उत्तर नाही. तू बरी आहेस हे तुझ्या आईकडून कळलं, तेवढं पुरे.

परवा शनिवारी गृहस्थ आले. मी दारातच सांगून टाकलं. त्यांनी पेटी उघडली, गिटार उजेडात धरली आणि कडेकडेने पाहिली. मग म्हणाले, काम चांगलं आहे. त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर सोपं गेलं असतं.

त्यांनी बरोबर छोटा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करायचा खोका, आणला होता, तो जोडला. बोटांना जमेल तेवढं वाजवलं. भिंगरी, तो माशीचा आवाज नव्हे. त्यांनी एक सूर धरला, तो माझ्या खुर्चीत आला. कपाटाचं दार झणझणलं. बिजागरी ढिली आहे हे मला तेव्हा कळलं. सूर कुठे संपला ते सांगता येत नाही. मी अजून ऐकत होतो आणि तो नव्हता.

मग त्यांचा हात पॉलिशला चिकटला. उचलून पुन्हा टेकवला, पुन्हा अडला. मी विचारलं म्हणून सांगितलं: अर्ध्या बाह्यांचा शर्ट, घाम, रोज चार तास. ती जागा तशी झाली होती.

माझ्या धंद्यात वस्तूवरून आधीचा माणूस पुसून काढायचा असतो, तेव्हा पुढचा ती घरात घेतो. चाळीस वर्षं तेच केलं, आणि मला ते चांगलं येतं.

आता एक विचारतो. लाख स्पिरिटने उतरेल. लाकडात मुरलेला रंग उतरणार नाही, आणि घासलेली कड परत येणार नाही. पण मला झीज करता येते. जुन्या फर्निचरवाल्यांसाठी मी नव्या खुर्च्यांचे हात झिजवून दिलेत. पंजाएवढी जागा, काळपट लाकूड, तडे, सगळं करून देतो. जाणकारालाही कळणार नाही, मोल परत येईल. गृहस्थांना विचारलं तर म्हणाले, मालकिणीला विचारा. तू हो म्हण, आठ दिवसांत करतो.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
मामा


११ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तू जपून ठेवलं असतंस.

रडून झालं. बँडमध्ये कुणाला सांगितलं नाही. तुझी पत्रं परत काढून वाचली, मग माझं पहिलं आठवलं. लाकडाचं तुला मी काय सांगणार, असं मीच लिहिलं होतं. त्यामुळे चुकीत माझा वाटा अर्धा. अर्ध्याच्या वर एक तसूही नाही, हे मामीलाही सांग.

खोटी झीज नको. आमच्याकडे रोज जुळून आलेली हाडं येतात. मोडलं होतं तिथे फोटोत जाड रेघ दिसते. ती कुणी खोडत नाही, आणि न मोडलेल्या हाडावर कुणी काढतही नाही. तू केलेली जागा हुबेहूब होईल याची मला खात्री आहे, आणि त्याचीच धास्ती आहे. माझा हात तिथे बसेल, आणि दर वेळी मला माहीत असेल की इथे कुणी वाजवत नव्हतं, मामा बसून घासत होता. विकायची तर मला नाहीच. मोल गेलं ते गेलं.

स्पिरिटही लावू नकोस. आहे तशी राहू दे.

मी दहा मार्चला येते. तोवर त्या गृहस्थांना फक्त शनिवारी नको, जमेल तितक्या वेळा बोलाव. बोटं वळोत न वळोत. तू सात हात दिलेस, आठवा त्यांचा पडू दे, त्यापुढचे मी देईन. बावीस वर्षं लागली तर मी तेव्हा पन्नाशीच्या आत असेन. शर्ट अर्ध्या बाह्यांचाच घालून या म्हणावं. आणि आल्यागेल्याला मामी हात पुसायला टॉवेल पुढे करते, तो त्यांच्यापुढे करू नको म्हणून सांग.

लोभ होता तिथेच आहे.

भिंगरी