सत्ताविसावी कॅसेट

नोएडा, दि. ७ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप शेवंताआक्कास अंबादासचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काल टपालात टाकलेली कॅसेट हाती पडताच, न ऐकता, तिच्यावर तुझं उत्तर भरून टाक. एरवीही मी तुझं पुसतो, तू माझं पुसतेस. पण या वेळी घटकाभरही थांबू नकोस.

झालं असं. परवा संध्याकाळी व्हरांड्यात बसून टेपरेकॉर्डरवर तुझ्याशी बोलत होतो. तेवढ्यात आपला हेरंब ऑफिसातून आला. फाटकासमोरच एका शिपायाने त्याची स्कूटर अडवली आणि किल्ली काढून घेतली. हेरंबाने कारण विचारलं, नाव विचारलं. शिपाई भडकला. हात लावला नसलास तरी वर्दी फाडलीस असंच लिहीन, नोकरी घालवीन, असं ओरडला आणि खरंच त्याला घेऊन गेला. ते सगळं कॅसेटमध्ये गेलं आहे.

पोलिसाचा आवाज गुपचूप भरणं हा गुन्हाच असणार. घरात नको म्हणून काल सकाळीच पोस्टात टाकून आलो. आता तुझ्याच दारी पोलीस उभे राहतील या धास्तीने घास उतरत नाही. हेरंब जामिनावर सुटला, पण सरकारी नोकरी. केस उभी राहिली तर निलंबन. कॅसेटचं घरात कुणाला बोललो नाही.

तुझा भित्रा भाऊ,
अंबादास

नोएडा, दि. ९ नोव्हेंबर १९९६

ती. आक्कास सा. नमस्कार.

पुसू नकोस! आधीचं पत्र फाडून टाक. तारही केली आहे, पण दिवाळीच्या गर्दीत कधी पोचेल देव जाणे.

दिल्लीत आर. के. पुरमला आमच्या शेजारी राहायची ती मीनाक्षी आठवते? आता वकील झाली आहे. हेरंबाची केस तिच्याकडेच. काल तिने विचारलं, त्या वेळी कुणी काही पाहिलं-ऐकलं का. माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. तिने कपाळावर हात मारला. म्हणाली, काका, आपल्या घरात बसून रस्त्यावरच्या शिपायाचं बोलणं भरून घेऊ नये असा कुठलाही कायदा नाही. उलट तोच हेरंबाचा पुरावा. फक्त मूळ कॅसेट जशीच्या तशी हवी, एक अक्षरही पुसलेलं नको.

आक्का, मी सातवी शिकलेला माणूस. सरकारी कचेरीत आयुष्यभर फायली उचलल्या, वाचल्या कधी नाहीत. माझ्या अडाणीपणाने पोराच्या गळ्याला फास लागेल. भाऊबीजेला बहीण ओवाळणी घेते. या वर्षी मी मागतो. ती कॅसेट तशीच असू दे.

अंबादास

औसा, दि. १५ नोव्हेंबर १९९६

चि. अंबादासास शेवंताचे अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं आणि तार पोस्टमनने एकदमच दिली. भिंग लावून वाचली. एक म्हणतं पूस, दुसरं म्हणतं पुसू नकोस. तीस वर्षं दिल्लीत राहिलास, पण नागपंचमीला दोरीला भिऊन माळ्यावर चढलेला तो तूच!

आता माझाही एक गुन्हा ऐक. आपली एकच कॅसेट जाते-येते असं तुला वाटतं ना? मी तुझी एकही पुसलेली नाही. लेबल सोडवून नव्या कॅसेटवर चिकटवते आणि माझं बोलणं तिच्यात भरते. तुझ्या कॅसेटीच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे केसांच्या आकड्याने मोडून ठेवते, मग चुकूनही वर काही भरलं जात नाही. बिस्किटांच्या डब्यात सव्वीस आहेत. ही सत्ताविसावी. आली त्याच दिवशी हिचेही तुकडे मोडले. डोळ्यांना काही दिसेनासं झालं तरी तुझी कुरकुर ऐकायला हवी ना!

कापडात शिवून रजिस्टर पार्सलने पाठवते आहे. माझं उत्तर वेगळ्या कॅसेटवर सोबत आहे. हेरंबाला म्हणावं, आत्या आहे. वेळेवर जेवत जा.

शेवंता

नोएडा, दि. २१ मार्च १९९७

ती. आक्कास, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

हेरंब सुटला! तुझ्या भिंगाला त्रास नको म्हणून मोठ्या अक्षरांत लिहितो आहे.

पोलिसांच्याच एका वरिष्ठ साहेबांनी कॅसेट पहिल्यापासून ऐकली. त्या शिपायाचा आवाज ओळखला आणि तक्रार खोटी असल्याचा अहवाल दिला. काल कोर्टाने तो मान्य केला. त्या साहेबांचे उपकार विसरणार नाही. आधीची वीस मिनिटं त्यांनी माझे गुडघे आणि सूनबाईची पातळ आमटी सोसली. शेजारी सूनबाई वैजयंतीच बसली होती! घरी येऊन तिने चार दिवस आमटी इतकी घट्ट केली की चमचा उभा राहावा.

निकालाचे शब्द तुला ऐकवावेत म्हणून मी पिशवीतून टेपरेकॉर्डर नेला होता. कोर्टातल्या पट्टेवाल्याने दारातच धरला. मीनाक्षी म्हणाली, काका, रस्त्याचा नियम वेगळा. इथे न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय चालत नाही. पट्टेवाल्याने मला न्यायाधीशांपुढे उभं केलं. न्यायाधीशांनी हे कुणासाठी म्हणून विचारलं. औशाच्या बहिणीसाठी, असं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मग पत्र लिहा.

आक्का, एक गोष्ट मनाला लागली आहे. तू माझ्या सत्तावीस जपल्यास आणि मी तुझं बोलणं दर वेळी पुसत आलो. पार्सलातली तुझी कॅसेट तेवढी राहिली आहे. आज वैजयंतीकडून आकडा मागून घेतला आणि तिचे दोन्ही तुकडे मोडले.

आता बाजारातून नवी आणतो. तुझी माया माझ्यापाशी अशीच शाबूत राहो.

तुझा,
अंबादास