छोट्या कंपन्यांचा मोठा मालक

३ जून
हिचे शिलाईचे तीन लाख बँकेत नुसते लोळत पडले होते. आज छोट्या कंपन्यांच्या म्युच्युअल फंडात टाकले. एकरकमी. सल्लागार म्हणाला, हे फंड फार वर-खाली होतात, सात वर्षं हात लावू नका. घाबरट माणूस. जानेवारीत ही कोपऱ्यावरची खोली घेऊन स्वतःचं टेलरिंगचं दुकान काढणार आहे. तोपर्यंत पाच लाखांना मरण नाही.

४ जून
फंडाचा भाव दिवसातून एकदाच जाहीर होतो. अकरा वेळा पाहिला. उद्यापासून एकदाच.

५ जून
नऊ वेळा. सुधारणा आहे.

१८ ऑगस्ट
नऊ टक्के वर! मेहुण्याला मुद्दाम फोन केला. त्याचे पैसे अजून एफडीत. कीव आली. ही म्हणाली, आता काढून घेऊ या. बायकांना धीर म्हणून नसतो.

१० सप्टेंबर, दुपार, ऑफिस
फंडातल्या कंपन्यांची यादी वाचली. सतराव्या नंबरवर आमचीच कंपनी! एकोणीस वर्षं मी जिथे डिस्पॅचला आहे, पंपांचे ट्रक रवाना करतो, तीच. म्हणजे मी नोकर नाही, मालक. आता छत गळतं, कॉम्प्युटर चापट खाल्ल्याशिवाय उठत नाही, अकाउंटंट दोन महिने बेपत्ता आहे, हे खरं. पण फंडवाल्यांनी काहीतरी पाहिलंच असेल ना.

११ सप्टेंबर
मालकाच्या नजरेने फेरी मारली. पॅकिंगवाल्याला चहाला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. तो म्हणाला, साहेब, तुमचा गार होतोय.

६ ऑक्टोबर
दोन मोठ्या गिऱ्हाइकांचे ट्रक गेले. चलनांवर घाईत सह्या केल्या, कारण ड्रायव्हरांना चक्रवाढ समजावून सांगत होतो. दोघेही थक्क.

९ ऑक्टोबर
दोन्ही ट्रक एकमेकांच्या पत्त्यावर पोचले! सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने वर्षाची ऑर्डरच रद्द केली. आमचा शेअर आपटला. कुणाचा हा गलथानपणा? चौकशी चालू आहे.

१० ऑक्टोबर
गप्प बसवेना. गुंतवणूकदार या नात्याने मोठ्या साहेबांना दोन पानी पत्र दिलं. असल्या बेफिकीर माणसाला, मग तो कितीही जुना असो, ताबडतोब घरी पाठवा. भाषा जमून आली.

१७ ऑक्टोबर
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पत्राबद्दल आभार मानले. मग चलनांवरच्या सह्या दाखवल्या. मागणी मान्य झाली.

२ डिसेंबर
छोट्या कंपन्यांचा अख्खा बाजारच गडगडला. त्यात पगार नाही, घरखर्च थांबत नाही. फंड मोडला. तीन लाखांचे दोन लाख दहा हजार आले. सल्लागाराचा फोन उचलला नाही.

३ डिसेंबर
हिला सांगितलं. बराच वेळ मशीनचं चाक हाताने फिरवत बसली. मग म्हणाली, “अकरा वर्षं लोकांचे कपडे उसवून शिवलेत मी त्यासाठी.” एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.

८ जानेवारी
कोपऱ्यावरची खोली न्हाव्याने घेतली. हिचं मशीन घरातच. मी काजं-बटणं करतो. काल हिने सात शर्ट उसवायला लावले. आज एका नव्या गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण? ही मान वर न करता म्हणाली, “नवीन माणूस आहे. शिकतोय अजून.”