शाळेच्या मैदानातला वीरगळ

ती. तानाजीदाजी यांस,

डोंबिवलीहून नाथाचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल कोमटच लावा, कडकडीत नको (ताईला अंदाज नाही).

चौथीच्या इतिहासासाठी मी या हातांनी काय केलं, ते आधी वाचा. मातीची सात मडकी (त्यातली चार मुद्दाम फोडली), मिठागरातलं लाकडी फावडं, जात्याची खालची तळी, आणि अडीच फुटी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. मी कुठल्या कॉलेजात गेलो नाही. रविवारी हिंडून, जुने वीरगळ पट्टीने मोजून शिकलो.

कल्पना वर्गशिक्षिका अंतराबाईंची. मुलांनी खणावं, वस्तू काढाव्यात, जुना काळ कसा ओळखतात ते माझ्याकडून समजून घ्यावं. मी कुंपणाशी खड्डा घेऊन थर लावले. दगड जुना दिसावा म्हणून त्याला आधी दोन महिने ताक आणि शेण चोपडलं होतं (हिने तेवढे दिवस खिडकीत बसून जेवण केलं). सोमवारी मुलं खणणार, तर रविवारीच पाण्याची लाइन टाकणाऱ्याची पहार दगडाला लागली. शाळेच्या शेवंतीमावशींनी फूल वाहिलं. दुपारी शेंदूर, संध्याकाळी पत्र्याची शेड, मंगळवारी सिमेंटचा ओटा आणि मागे भिंत. पाठीमागे मी नाव-तारीख कोरली होती, ती भिंतीत गेली.

मी घडवला म्हणून सांगत फिरलो. मंडळाचा अध्यक्ष काळुराम, सातवीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेला, म्हणाला, "नाथा, तुला भिंतीत खिळा सरळ मारता येत नाही. हा हातच वेगळा, आठशे वर्षांपूर्वीचा." ही स्तुती की अपमान, मला अजून ठरवता आलेलं नाही. शिवाय आठशे चूक आहे. वीराच्या घोड्याचं खोगीर नीट बघा, मी सहाशे वर्षांपूर्वीचं कोरलंय.

पण खरी पंचाईत वर्गात आहे. सान्वी नावाच्या मुलीने प्रकल्पाच्या वहीत 'आमच्या शाळेत आठशे वर्षांचा वीरगळ सापडला' असं लिहिलंय, आणि शनिवारी ते पालकांसमोर वाचलं जाणार. मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, पुरावा दाखवा. नुसतं कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत." (मी बावन्नचा आहे. आजोबा कसला?) अंतराबाईही म्हणाल्या, पुरावा आणा, लगेच खोडू. म्हणजे मी शिकवलं ते पक्कं शिकवलं, आणि आता त्यातच अडकलोय.

ताईला नमस्कार.

आपला,
नाथा

ता. क. शनिवारी दहाला शाळेत याच. दिवाळीत तुमच्या आंबिवलीच्या अंगणातून ताईचा धुण्याचा दगड चोरीला गेला, तो मीच नेला होता. त्याचाच वीरगळ केलाय. त्यावर ती गोधडी आपटतेय असा फोटो तुमच्याकडे आहे, तो घेऊन या; वरच्या कोपऱ्याचा टवका अजून तसाच आहे. ताईला आधी तुम्ही सांगा, मग मी येतो.

ता. क. २. काळुराम काल घरी आला होता. ओट्यावर संगमरवरी पाटी बसतेय, तीवर 'शोधकर्ते' म्हणून माझं नाव टाकायला मंडळ तयार आहे, फक्त देणगी मी द्यायची. मी तो शोधलेला नाही, घडवलाय, म्हणून नको म्हटलं. अकरा हजार एक.