रेडिओची पेटी मनीषाला, दिवे अनुपला

मी, अलका अवधूत खांबेटे, वय सत्त्याऐंशी, राहणार कार्डिफ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायला निदान घरी यावं लागतं, आणि माझा मुलगा अनुप व मुलगी मनीषा गेल्या चार वर्षांत एकत्र या घरात आलेली नाहीत. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. अंमलबजावणी आमचे वकील सतीश प्रधान यांनी करावी. "काकू, असं नाही लिहिता येत," हे त्यांनी पुन्हा म्हणू नये. ते म्हणून झालं आहे.

कलम २. पुरणयंत्र आणि बिडाचा तवा मनीषाच्या मुलीला, कस्तुरीला. ती पुरणयंत्रात छोले वाटून हमस करणार, हे मला ठाऊक आहे. करू दे.

कलम ३. स्वयंपाकघरातला लाकडी रेडिओ. माझे पती डॉ. अवधूत यांनी तो आम्ही इथे आलो त्या हिवाळ्यात, कोट घ्यायचा सोडून घेतला. चार वर्षांपूर्वी, ह्यांच्या वर्षश्राद्धाला, अनुप हॅरोहून आला आणि मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून त्याने रेडिओ आतून रिकामा करून ब्लूटूथ स्पीकर बसवला. "आई, साउंड किती क्लिअर आहे बघ!" एडिनबराहून आलेली मनीषा दारातच किंचाळली, "यू इडियट, तू बाबांची रेडिओ मारून टाकली!" व्याकरण चुकलं, पण राग अस्सल होता. श्राद्धाची खीर तशीच राहिली. त्या दिवसापासून दोघांचा अबोला.

आतलं सामान अनुपने रिसायकलिंगच्या पिशवीत टाकलं होतं. कौन्सिलची गाडी येण्याआधी मी ते बाहेर काढलं. सांगाडा जिन्याखाली आहे. व्हॉल्व्ह, म्हणजे ते काचेचे दिवे, ह्यांच्या पायमोज्यांत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवले आहेत. तरी रेडिओची पेटी मनीषाला आणि आतलं सगळं अनुपला द्यावं. एकाचं दुसऱ्यावाचून काही चालणार नाही. जोडून देणारा माणूस मी बघून ठेवला आहे, पण दोघं मिळून आल्याशिवाय तो दार उघडणार नाही.

कलम ४. माझं तेरावं घालू नये. त्याऐवजी अनुप व मनीषा यांनी एक अख्खा रविवार याच स्वयंपाकघरात तो रेडिओ ऐकावा. त्या काळातले कार्यक्रम कस्तुरीने इंटरनेटवरून गोळा केले आहेत आणि एक छोटं यंत्र ते घरापुरते मीडियम वेव्हवर सोडतं. रेडिओला फरक कळणार नाही.

सकाळी वाद्यवृंद, तेव्हा भांडी घासावीत. दूरदेशी असलेल्या सैनिकांच्या फर्माइशी लागल्या की डाळ शिजायला टाकावी आणि विनोदी कार्यक्रमाआधी पानं वाढून व्हावीत. साठ वर्षं या घरात घड्याळ फक्त शोभेला होतं. जेवताना हसावं, बोलू नये. पहिलं वर्षभर मला त्यातला एकही विनोद कळत नसे. हे हसले की मी हसायची. पुढे कळलं की ह्यांनाही कळत नव्हते, रेडिओतले प्रेक्षक हसले की हे हसायचे! दुपारी नाचाचा बँड. त्यावर आम्ही दोघं चपला काढून नाचायचो. मुलांना हे माहीत नाही. आता कळलं.

कलम ५. कलम ४ पाळलं नाही तर हे घर सौ. मालविका दांडेकर यांना जावं. मंडळाच्या गणपतीत तीस वर्षं माइक न सोडणाऱ्या, फ्रोझन मोदकांवर पहिलं बक्षीस घेणाऱ्या आणि ह्यांच्या शोकसभेत स्वतःच्या सत्काराची हकीकत सांगणाऱ्या त्याच या. अनुप आणि मनीषा यांचं आज जगात एकाच गोष्टीवर एकमत आहे, ते म्हणजे मालविकाबाई.

कलम ६. कलम ४ पाळलं तर घर दोघांना निम्मं निम्मं. वरच्या कलमांतून जे उरेल किंवा ज्याला नेमून दिलं त्याला देता येणार नाही, तेही दोघांना निम्मं निम्मं.

कलम ७. खाली साक्षीदार म्हणून मी मालविकाबाईंनाच बोलावलं आहे. त्या चारचौघांत चष्मा लावत नाहीत, आणि वरची पानं मी चहाच्या ट्रेखाली सरकवून ठेवली आहेत. सतीश घाईघाईने कानात म्हणाला, "काकू, विटनेसला काही मिळत नाही! त्यांचं गिफ्ट व्हॉइड होईल."

"होऊ दे," मी म्हटलं.

तेव्हा मुलांनो, घर काहीही झालं तरी तुमचंच आहे. धाक संपला. दर रविवारी तुम्ही मला वेगवेगळे फोन करता, आणि "तो कसा आहे", "ती कशी आहे" हे आडून विचारता. मी सांगून सांगून थकले. आता माझ्याकडून कळायची सोय नाही.

रेडिओ ऐकायचा की नाही, तुम्ही ठरवा. बटण फिरवल्यावर लगेच आवाज येत नाही, दिवे तापेपर्यंत थांबावं लागतं. हे तेवढा वेळ पेटीवर हात ठेवून उभे राहायचे, मुलाचा ताप बघावा तसे. तेवढ्या वेळात एकमेकांशी बोला.

हे मी वाचलं, मला पटलं, आणि दोघी साक्षीदारांसमोर सही केली.

कार्डिफ, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

अलका अवधूत खांबेटे

साक्षीदार:
१. तनिषा साठे, शेजारीण
२. सौ. मालविका दांडेकर, माजी अध्यक्षा, माजी सचिव, उत्कृष्ट मोदक पुरस्कार (दोनदा)