सावली कुणाची

शुक्रवार, संध्याकाळ

आज बुधवार पेठेतून नवा कॅमेरा आणला. परवा आम्ही सगळे कोकणात निघणार. मोठ्या जाऊबाई लगेच म्हणाल्या, "फोटो तूच काढ गं, तुझा हात स्थिर आहे."

हात स्थिर म्हणे! मागच्या सहलीतही हेच. घरी येऊन बघते तर एकाही फोटोत मी नाही. फक्त एकात माझी सावली, तीही जाऊबाईंच्या पायाशी. वर त्याच सगळ्यांसमोर विचारतात, "तू आली होतीस का?"

आले होते. लक्षात ठेवलंय.

किनाऱ्यावर कॅमेऱ्याचा पट्टा त्यांच्याच गळ्यात अडकवणार. "ताई, मला नाही हो जमत. तुमचा हात स्थिर आहे." आणि मी मधोमध, समुद्राला पाठ करून. सकाळचीच वेळ धरायची. ऊन त्यांच्या पाठीवर असेल, सावली लांब पडेल. थेट माझ्या पायाशी.