ज्या शब्दानं ढलाई थांबली

भिलाई, सेक्टर २ च्या मागची वस्ती
ता. ९ मार्च १९५८, रविवार

चि. सत्यशीलेस पंचफुलाचा जयभीम.

आमी सारे खुशाल. तुह्या भावाची, धोंडबाची, नलू आता चालाले लागली. तुही खुशाली कलावतीमावशीच्या पत्रातून कळते, तू तर लिहीत नाही. गावातच तिच्या घरी राहून बिड्या वळतं म्हने. बोटं सांभाळ. म्या इथं संध्याकाळच्या वर्गात अक्षरं शिकली, म्हनून हे वाकडंतिकडं मीच लिहून राहिली. दुसऱ्याकून लिहून घेतलं असतं तर अर्धं गिळावं लागलं असतं.

आता ऐक, काल काय झालं! 

लोखंडाच्या कारखान्यात भट्टीच्या पायव्याची ढलाई होती, म्हंजे पाया ओताचं काम. गिट्टी-सिमेंटचा ओला माल एकदा ओताले घेतला का थांबता येत नाही. थांबलं का जोड पडते अन् पायवा कच्चा राह्यते. आमी चाळीस बाया रांगेत, हातोहात घमेलं. वर दयाराम मुकादम. त्याच्या तोंडाले सकाळपासून शिव्यांचा नळ लागते. मशीनवरचा टिकाराम जरा टेकला का टिकारामची माय काढते. आमाले तर थेट आमच्यावरच.

काल कमलिनीच्या हातचं घमेलं सटकलं. नवी पोरगी हाये, सतरा-अठराची. हा ओरडला, "ए छिनाल, ध्यान कौन-से यार के पास है?"

पोरीचं तोंड पांढरं पडलं. अन् बाई, म्या घमेलं खाली ठेवलं. माह्या बाजूले रुक्मा, आपल्याच गावची, तिनं ठेवलं. तिच्या बाजूचीनं ठेवलं. टन, टन, टन, चाळीस घमेले! मशीन घरघर करून राहिली अन् माल उचलाले कोनी नाही.

"बुढिया, उठा!" दयाराम नाचाले लागला.

"नाही उचलत. काय करतं?"

इंजिनेर साहेब धावत आला. "क्या हुआ? ढलाई क्यों रोकी?"

मर्द सारे जमिनीकडे पाहून राहिले. बायांसमोर तो शब्द कोनाच्या तोंडून निघे ना. म्याच मोठ्यानं सांगतला. साहेबाचे कान लाल.

दयाराम म्हने, "साहब, मैं तो मर्दों को भी देता हूँ. बराबर देता हूँ."

"कायची बराबर? टिकाराम चुकला तर शिवी त्याच्या मायले. ते बिचारी मरून सात वर्सं झाले. कमलिनी चुकली तर कमलिनीले. म्हंजे काम कोनीबी बिघडवो, शिवी खानार बाईच! अन् यार करनाऱ्या बाईले छिनाल म्हनतं, तर तसल्या मर्दाले काय म्हनतं? सांग एक शब्द!"

सारे विचारात पडले. साहेबबी. मंग टिकाराम हळूच म्हने, "आजी, शौकीन म्हनते."

बाप्पा, काय हसल्या बाया! रुक्मा म्हने, "हे शिवी होय का पानाचा विडा?"

इकडे माल आळून राहिला होता. साहेब म्हने, दयाराम, माफी माँगो. तो कमलिनीच्या कानाशी पुटपुटाले गेला, तं म्या अडवला. शिवी साऱ्यांसमोर देल्ली, माफीबी साऱ्यांसमोर. मागितली त्यानं! टोपी काढून, "बहन, गलती मेरी." मंग आमी असे घमेले चालवले का दिवस बुडाच्या आत पायवा भरला.

घरी येतानी साऱ्या गाने म्हनत आल्या. रुक्मा तेवढी माह्याजवळून चालत होती, हसत नव्हती. म्हने, "पंचफुलाबाई, आज तू चांगली बोलली. पन हाच शब्द तू गावच्या विहिरीवर सत्यशीलेले म्हटला होता. मी घागर घेऊन तिथंच होती."

 

म्हटला होता. तू नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली, अन् म्या तुह्या पाठीवरचे वळ पाह्यले नाही. लोक काय म्हनतीन ते पाह्यलं. धोंडबानं पहिली बायको सोडून दुसरी आनली, तवा त्याले काय म्हटलं? "येडा हाये, सुधरन." अन् भात वाढला. दोघं माह्याच पोटचे. त्याले येडा, तुले तो शब्द. कमलिनीसाठी चाळीस जनी थांबल्या. तुह्यासाठी एकबी नाही थांबली, कावून का शिवी देनारी मायच होती.

मी रडून नाही राहिली. ते मले जमत नाही.

रुक्मा उद्या गावाले चालली. चौथीपर्यंत शिकली हाये ते. तिले सांगतलं, पत्र सत्यशीलेच्या हाती देऊ नको. तिले विहिरीवर घेऊन जाय, अन् बाया पान्याले आल्या का उभी राहून मोठ्यानं वाच. एकबी शब्द गिळू नको.

तं आता सारी विहीर हे ऐकून राहिली. ऐका वो बायांनो! माही पोरगी मार खाऊन आली होती, दुसरं काई केलं नव्हतं तिनं. घान माह्या तोंडात होती. गलती माही.

भिलाईले ये म्हनत नाही. आली तर काम हाये, रांगेत माह्या बाजूले जागा हाये.

तुले तो शब्द म्हननारी,
पंचफुला

सही करतानी ‘तुही माय’ असं लिहिनार होती. ते तू मले माय म्हटल्यावर लिहीन.